जुन्या पिकअपच्या मागच्या एक्सलचा रेशो मोजावा कसा आणि निवडावा कसा

वर्धा, यवतमाळ आणि अमरावती या जिल्ह्यांत वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या पिकअप गाड्या आजही रोज कामावर जातात. कापूस जिनिंगला नेणे, वरूड-मोर्शीकडची संत्री बाजाराला पोहोचवणे, सोयाबीनची पोती, खत, सिमेंट, कधी लग्नाचा मंडप, अशी सगळी कामे त्या करतात. या गाड्यांची एक अडचण अशी की मधल्या काळात त्यांचे बरेच काही बदललेले असते. इंजिन एका गाडीचे, गिअरबॉक्स दुसरीचा आणि मागचे हाऊसिंग, म्हणजे एक्सलचे कवच, भंगारातून आणलेल्या तिसऱ्याच गाडीचे, अशी जुळवणी आपल्या भागात अजिबात दुर्मीळ नाही. त्यामुळे आरसी बुकात मॉडेलचे जे नाव लिहिलेले असते त्यावरून मागच्या एक्सलमध्ये कोणते क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी दातेरी जोडी, बसलेले आहे हे कळत नाही. तरीही ‘अमुक गाडीला तमुक क्राऊन असतो’ एवढ्या ऐकीव माहितीवर लोक सुटे भाग विकत घेतात आणि नंतर गाडी ओढत नाही किंवा डिझेल फार खाते अशी तक्रार करतात. माझे मत असे आहे की या जोडीच्या दातांचा रेशो, म्हणजे गुणोत्तर, प्रत्येक गाडीवर प्रत्यक्ष मोजलाच पाहिजे आणि नवा रेशो निवडताना आपल्या रोजच्या मार्गातला सर्वांत कठीण तुकडा समोर ठेवला पाहिजे. सर्वांत चांगला रस्ता पाहून केलेली निवड सहसा फसते.

इंजिनाची फिरत गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टकडे येते, शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन असते आणि ते मोठ्या क्राऊनला फिरवते. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे मागच्या एक्सलचा रेशो. क्राऊनला ३९ आणि पिनियनला ८ दात असतील तर भागाकार ४.८८ येतो, म्हणजे चाकांचा एक फेरा पूर्ण होण्यासाठी शाफ्टला जवळपास पाच वेळा फिरावे लागते. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त. आकडा लहान असेल तर याच्या उलट घडते. हे आकडे असे तुटक का असतात, सरळ ४ किंवा ५ का नसतात, असा प्रश्न एका वाचकाने विचारला होता. याचे कारण असे की क्राऊन आणि पिनियनच्या दातांच्या संख्यांना सामाईक विभाजक नसेल तर पिनियनचा प्रत्येक दात कालांतराने क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. ४० आणि १० अशी जोडी असती तर पिनियनचा एक दात क्राऊनच्या त्याच चार दातांवर आयुष्यभर घासत राहिला असता.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत जे रेशो आढळतात त्यांतल्या कित्येकांचे मूळ विलीस जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबी जीपला ४.८८ चा रेशो होता, तर नंतरच्या नागरी सीजे मालिकेतल्या सीजे-३बीला ५.३८ चा, म्हणजे ४३ आणि ८ दातांचा. महिंद्राने १९४७ साली भारतात विलीस जीपची जुळणी सुरू केली आणि त्या घराण्याचे एक्सल पुढे अनेक वर्षे आपल्या रस्त्यांवर राहिले. पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिने आली, तेव्हा हा आकडा खऱ्या अर्थाने महत्त्वाचा झाला. प्यूजोचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० इंजिन मिनिटाला साधारण ४५०० फेऱ्यांपर्यंत जाणारे, तर २५२३ सीसीचे एमडीआय ३२०० हे लांब स्ट्रोकचे, सावकाश फिरणारे आणि कमी फेऱ्यांवरच जोर देणारे. ही दोन्ही इंजिने एकाच प्रकारच्या गाड्यांत बसतात, गॅरेजमध्ये एकमेकांच्या जागी बसवलीही जातात, पण दोघांना एकच क्राऊन मानवत नाही. एक्सडीपी काढून एमडीआय बसवताना मागच्या एक्सलचा विचार न केलेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्या रिकाम्या असतानाही पन्नास-साठच्या पुढे गेल्या की इंजिन कर्कश ओरडू लागते आणि मालकाला वाटते की डिझेल पंपाची सेटिंग बिघडली आहे.

आता मोजण्याकडे वळू. हाऊसिंग न उघडता रेशो मोजता येतो आणि त्यासाठी खडू, जॅक, एक्सल टेकवायची एक भक्कम घोडी आणि एक मदतनीस एवढेच पुरते. गाडी सपाट व कडक जागेवर उभी करावी, कारण काळ्या मातीत जॅक रुततो आणि गाडी घसरते. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे किंवा दगड पक्के लावावेत, मागचे फक्त एक चाक उचलून एक्सलखाली घोडी द्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक सोडावा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर तो दांडाही न्यूट्रलमध्ये असावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, ही गोष्ट प्रत्येकाला माहीत असते, तरीही इथे पुन्हा लिहिणे मला आवश्यक वाटते.

उचललेल्या टायरवर आणि समोरच्या हाऊसिंगवर खडूच्या खुणा कराव्यात, तशीच एक खूण प्रोपेलर शाफ्टवर करावी. मग एकाने चाक सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजावेत. इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. एक चाक जमिनीवर अडलेले असताना दुसरे चाक फिरवले, तर डिफ्रेन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या जोडणीच्या, रचनेमुळे क्राऊन निम्म्याच वेगाने फिरतो, म्हणजे चाकाच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एक फेरा होतो. म्हणून चाकाचे दोन फेरे झाल्यावर शाफ्टचे जितके फेरे होतील तितका आपला रेशो. पण केवळ दोन फेऱ्यांवर थांबले तर ४.१० आणि ४.२७ यांतला फरक डोळ्यांना कळणार नाही. चाक वीस वेळा फिरवावे आणि शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागावे. शाफ्ट ३७ च्या थोडा पुढे गेला तर रेशो ३.७३, बरोबर ४१ झाले तर ४.१०, पावणेत्रेचाळीसच्या आसपास ४.२७, साडेपंचेचाळीसच्या जवळ ४.५६, एकोणपन्नासला किंचित कमी असेल तर ४.८८ आणि चोपन्नला किंचित कमी असेल तर ५.३८. आलेला आकडा या ओळखीच्या आकड्यांच्या मध्येच कुठेतरी पडला, तर फेरे मोजण्यात चूक झाली असण्याची शक्यता अधिक असते, तेव्हा पुन्हा मोजावे.

मागची दोन्ही चाके उचलून एकच चाक फिरवले, तर साध्या डिफ्रेन्शियलमध्ये दुसरे चाक उलट दिशेला फिरते, शाफ्ट जवळपास जागचा हलत नाही आणि मोजणी निरर्थक ठरते. दोन्ही चाके एकाच दिशेला फिरू लागली, तर आत लिमिटेड स्लिप प्रकारचे, म्हणजे चाकांना फार वेगळे फिरू न देणारे, डिफ्रेन्शियल आहे किंवा कुणीतरी ते वेल्ड करून टाकले आहे असे समजावे. अशा गाडीत दोन्ही चाके उचलूनच मोजावे लागते आणि चाकाच्या एकाच फेऱ्याला शाफ्टचे जितके फेरे होतील तितका रेशो असतो.

हाऊसिंग उघडायचेच असेल, म्हणजे ऑइल बदलायची वेळ झालेली असेल किंवा भंगाराच्या दुकानात सुटा एक्सल समोर पडलेला असेल, तर दात मोजणे हा सर्वांत निर्विवाद मार्ग. बहुतेक वेळा क्राऊनच्या कडेवर किंवा पाठीवर दोन्ही संख्या ठोकलेल्याही असतात. ३९ आणि ८ किंवा ४१ आणि ११ असे आकडे ग्रीस पुसल्यावर दिसतात. त्यांच्या सोबतच आणखी एक क्रमांक असतो आणि तोच पिनियनच्या टोकावरही असायला हवा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात, म्हणून एका जोडीचा क्राऊन आणि दुसरीचे पिनियन, दातांची संख्या जुळत असली तरी, एकत्र बसवू नये. यवतमाळच्या बाजूचे एक म्हातारे मिस्त्री, ज्यांच्याकडे मी सुटे भाग दाखवायला नेत असतो, ते गिऱ्हाईक दुकानात शिरले की म्हणतात, “गाडीचं नाव राहू द्या भाऊ, दात किती ते सांगा.” जोडीचा क्रमांक जुळत नसेल तर ते स्वस्तात मिळणारी वस्तूही हातात घेत नाहीत आणि त्यांचे हे वागणे मला पूर्णपणे योग्य वाटते.

इंटरनेटवर वाचून काहीजण गाडीच्या दारावर किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात रेशोचा कोड शोधतात. ती सोय अमेरिकन पिकअपसाठी आहे. जनरल मोटर्सच्या अनेक ट्रकमध्ये डॅशबोर्डच्या कप्प्यात चिकटवलेल्या कागदावर जीटी४ लिहिले असेल तर ३.७३ आणि जीटी५ असेल तर ४.१० असा अर्थ होतो, आणि फोर्डच्या गाड्यांत दाराच्या चौकटीवरील पट्टीत एक्सलचा कोड असतो. आपल्या जुन्या पिकअपवर असे काही शोधण्यात वेळ घालवू नये, आणि मिळालेच तरी ते मूळ एक्सलविषयी सांगेल, आज खाली बसलेल्या एक्सलविषयी नाही.

आकडा कळल्यानंतर त्याचा अर्थ लावण्यासाठी मी एकच साधा हिशेब करतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका मिनिटात बरोबर १००० मीटर जाते. जुन्या ६.००-१६ टायरचा जमिनीवरचा एक फेरा साधारण २.२ मीटर भरतो, म्हणजे ६० च्या वेगाला चाक मिनिटाला सुमारे ४५५ वेळा फिरते. चौथा गिअर थेट असेल, म्हणजे गिअरबॉक्समध्ये काही घट-वाढ होत नसेल, तर या ४५५ ला रेशोने गुणले की इंजिनाचे फेरे मिळतात. ३.७३ ला सुमारे १७००, ४.२७ ला १९४०, ४.८८ ला २२२० आणि ५.३८ ला २४४५. ताशी ८० चा वेग धरला तर हेच आकडे अनुक्रमे सुमारे २२६०, २५९०, २९६० आणि ३२६० होतात. ३२०० फेऱ्यांच्या इंजिनाखाली ५.३८ चा क्राऊन असलेली गाडी ८० पर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर या एका ओळीत आहे. तिथे पंपाला किंवा नोझलला दोष देण्याचे काहीच कारण नाही.

या हिशेबात टायरचा फेरा कागदावरून घेऊ नये. नेहमीचे वजन भरून, हवा योग्य ठेवून, टायरवर आणि रस्त्यावर खडूची खूण करून गाडी चाकाचे पाच फेरे सरळ ढकलावी आणि अंतर टेपने मोजून पाचने भागावे. टायर बदलणे म्हणजे रेशो बदलणेच असते, हे आपल्याकडे फारसे कुणी लक्षात घेत नाही. शेतात गाडी उंच हवी म्हणून ६.००-१६ च्या जागी ७.५०-१६ टायर घातले, ज्यांचा फेरा सुमारे २.४५ मीटर असतो, तर ४.८८ चा एक्सल व्यवहारात ४.३८ सारखा वागू लागतो. चढावर ओढ कमी झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाला मी पहिल्यांदा टायर कधी बदलले हेच विचारतो. पुष्कळदा क्राऊनला हात न लावता जुन्या मापाचे टायर परत घालणे एवढाच उपाय पुरतो, आणि तो स्वस्तही असतो.

निवडीचा प्रश्न चढावर आणि शेतात ठरतो. समजा, मालासह गाडीचे वजन ३ टन आहे आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना बारास एक, म्हणजे बारा मीटरला एक मीटर, असा चढ लागला. गाडीला वर ढकलण्यासाठी चढाचे २५० किलो आणि टायरच्या घर्षणाचे साधारण ६० किलो, असे ३१० किलो बळ लागेल. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर चाकांवर १०८ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ (टॉर्क) हवा. इंजिन १२ किलोग्रॅम-मीटर पीळ देत असेल, दुसरा गिअर २.४ चा असेल आणि वाटेत दहा टक्के वाया जात असतील, तर ४.८८ च्या क्राऊनने चाकांवर १२६ पोहोचतात, ४.२७ ने १११ आणि ३.७३ ने केवळ ९७. म्हणजे ३.७३ वाल्या गाडीला त्या चढावर पहिला गिअर टाकण्यावाचून गत्यंतर नाही, ४.२७ वाली दुसऱ्यात जेमतेम निघेल आणि ४.८८ वालीकडे वळणावर वेग पडला तरी थोडी ओढ शिल्लक राहील. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना पहिल्या गिअरमध्ये लांबच लांब घाट चढणे म्हणजे रेडिएटरची परीक्षा. सेमाडोह, धारणीकडे नियमित माल नेणाऱ्याने डिझेल वाचवण्यासाठी लहान आकड्याचा क्राऊन घेऊ नये, कारण सपाटीवर वाचलेले डिझेल घाटात आणि क्लच प्लेटच्या खर्चात निघून जाते.

शेतातली गोष्ट याहून वेगळी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी धुऱ्याच्या कडेने मजुरांसोबत हळूहळू सरकत राहते, पांदण रस्त्यावर पाऊस झाल्यावर तर चालण्याच्या गतीपेक्षा पुढे जाताच येत नाही. पहिला गिअर ४ चा आणि इंजिन ८०० फेऱ्यांवर धरले, तर ४.८८ च्या एक्सलने गाडी ताशी साडेपाच किलोमीटरच्या आत चालते, माणसाच्या पावलाबरोबर. ३.७३ ने तीच गाडी सातच्या वर जाते, मग चालकाला सतत अर्धा क्लच दाबून धरावा लागतो आणि प्लेट एका हंगामात जळते. कापसाचा भार वजनाने हलका असतो, गाडी वर फुगलेली असते आणि रस्त्यावर तिला वारा अडवतो. संत्र्याचा भार आकाराने लहान दिसतो, पण वजनाने भारी असतो. त्यामुळे एकाच गावातल्या दोन पिकअपसाठी उत्तर वेगळे असू शकते.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाल्यापासून लहान आकड्याच्या क्राऊनची विचारणा वाढल्याचे मला जाणवते. मालकाला वाटते की महामार्गावर गाडी शांत पळावी. ज्याची गाडी आठवड्यातले बहुतेक दिवस मोठ्या रस्त्यावर, अर्धा भार घेऊन चालते आणि ज्याच्या गाडीत एमडीआयसारखे सावकाश फिरणारे इंजिन आहे, त्याने ३.७३ जरूर घ्यावा. मिश्र कामासाठी त्या इंजिनाखाली मी ४.२७ सुचवतो. एक्सडीपीसाठी ४.८८ काढूच नये, कारण ते इंजिन ३००० फेऱ्यांना घाबरत नाही, मात्र १७०० फेऱ्यांवर भार दिला की गुदमरते. ५.३८ मी फक्त मोठे टायर असलेल्या किंवा जवळपास शेतातच राहणाऱ्या गाडीला सुचवीन. ज्याला घाटातली ओढ आणि महामार्गावरची शांतता दोन्ही हवे आहे, त्याने क्राऊन तसाच ठेवून पाच गिअरचा गिअरबॉक्स जुळतो का ते पाहावे. पाचवा गिअर ०.८ चा असेल तर ४.८८ चा एक्सल त्या गिअरपुरता ३.९ सारखा वागतो आणि खालचे चारही गिअर आपली ओढ टिकवून ठेवतात. खर्च जास्त होतो, पण मला हाच मार्ग अधिक समाधानकारक वाटतो.

क्राऊन बदलायचे ठरलेच, तर खरेदीआधी काही गोष्टी पडताळाव्यात. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो एकच असला पाहिजे. पुढे ४.८८ आणि मागे ४.२७ ठेवून कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकला, तर चाके एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस किंवा शाफ्टचा क्रॉस तुटतो. म्हणून अशा गाडीचा खर्च दुप्पट धरावा. डाना ४४ प्रकारच्या एक्सलमध्ये ३.७३ आणि त्याहून लहान रेशोसाठी डिफ्रेन्शियलचा केस एक, तर ३.९२ आणि त्याहून मोठ्या रेशोसाठी दुसरा असतो, त्यामुळे ४.२७ च्या केसवर ३.७३ चा क्राऊन सरळ बसत नाही. अशा वेळी केससह पूर्ण जोडणी किंवा थेट संपूर्ण एक्सल घेणे सोपे पडते. एक्सल शाफ्टच्या टोकावरच्या स्प्लाइनची (खाचांची) संख्या, पिनियनच्या फ्लँजची भोके, ब्रेक ड्रमचे माप आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकीतले अंतर हे सर्व टेप लावून जुळवून घ्यावे. आठ दातांचे पिनियन अकरा दातांच्या पिनियनपेक्षा डोक्याला लहान आणि म्हणून नाजूक असते, तेव्हा ४.८८ ची जुनी जोडी घेताना पिनियनच्या दातांवर खड्डे किंवा पायरी पडली आहे का, हे उजेडात नेऊन पाहावे.

बसवण्याचे काम घाईने करणाऱ्या मिस्त्रीकडे देऊ नये. क्राऊन आणि पिनियनमधली मोकळीक मिलिमीटरच्या पाव भागाच्या आत, साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवायची असते. दातांना रंग लावून, क्राऊन फिरवून, उमटलेला ठसा दाताच्या मध्यावर येतो की नाही हे तपासायचे असते आणि गरजेप्रमाणे शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालायचे किंवा काढायचे असतात. हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणे पुरेसे नाही. गाडी वेग घेताना किंवा सोडताना मागून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर ठसा चुकला आहे असे बहुधा समजावे. ऑइल जीएल-५ दर्जाचे नव्वद नंबरचे घ्यावे, पहिले ५०० किलोमीटर गाडीवर भार कमी ठेवावा आणि मग ते ऑइल काढून नवे भरावे, कारण त्यात नव्या दातांचा चुरा उतरलेला असतो.

रेशो बदलल्यावर स्पीडोमीटरही खोटे बोलू लागतो, कारण त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला फिरते आणि पुढे एक्सलमध्ये काय बदलले हे तिला कळत नाही. ४.८८ काढून ४.२७ बसवला, तर खरा वेग ६० असताना काटा ५२ च्या आसपास दिसतो, म्हणजे गाडी वाटते त्यापेक्षा जोरात असते, आणि ही बाब ब्रेकच्या दृष्टीने गंभीर आहे. केबलच्या टोकाचा लहान प्लास्टिकचा गिअर योग्य दातांचा मिळाला तर तो बदलून घ्यावा. तो मिळेपर्यंत काट्यावरच्या वेगाला आणि ओडोमीटरवरच्या अंतराला, दोन्हींना, १.१४ ने गुणावे. लिटरमागचे सरासरी अंतर काढताना हा गुणाकार राहून गेला, तर आठ टक्के सुधारलेली गाडीही वहीत बिघडलेली दिसते आणि मालक चांगला बसलेला क्राऊन परत काढायला निघतो.